लोकसंख्या ‘दुप्पट’ झालीच नाही

रविवारच्या पुरवणीतील चिमुकल्या गावांवरील लेखात अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या मोनोवाय गावाची लोकसंख्या दशकभरात ‘दुप्पट’ झाल्याचे म्हटले आहे. २०१०च्या जनगणनेत तिथे १ आणि २०२०मध्ये २ रहिवासी नोंदले गेले, हे खरे. पण तो दुसरा रहिवासी कागदावरचाच आहे. गावात एकच माणूस असेल, तर वय, वंश, घराची मालकी असे सगळे रकाने त्याचीच माहिती उघडी करतात. म्हणून २०२०च्या आकड्यांत अमेरिकी जनगणना विभागाने मुद्दाम किंचित फेरफार केला. राज्यांची एकूण लोकसंख्या तेवढी जशीच्या तशी ठेवली. त्याखालच्या पातळीवर, म्हणजे जिल्हा आणि गावाच्या आकड्यांत, थोडे कमी-जास्त होऊ शकते. महानगरात एका माणसाचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. जेमतेम अर्ध्या चौरस किलोमीटरच्या मोनोवायमध्ये मात्र त्यानेच वाढ शंभर टक्के दिसते, घनताही दुप्पट होते! इतक्या लहान गावाची टक्केवारी मुळात छापूच नये. तुलना करायचीच असेल, तर घरांची संख्या पाहावी. तिच्यात असा फेरफार केलेला नाही.

– एक वाचक