आमच्या फॉर्ममध्ये घोरण्याचा रकाना नाही

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : झोप तपासायच्या खोलीला लागलेलं कुलूप.

महोदय,

सविनय नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका गावची आशा स्वयंसेविका. 13 वर्षं झाली. आपला वेळ मोलाचा, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. पण परवा मिस्टरांना फेरतपासणीला नेलं आणि सरकारी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर ती खोली दिसली. दारावर निळी पाटी, ‘निद्राविकार तपासणी कक्ष’. कडीला कुलूप. खिडकीच्या फटीतून पाहिलं तर आत एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि त्यांच्यावर मागच्या कुठल्याशा मोहिमेचे फ्लेक्स. फ्लेक्सवरचे चेहरे हसत होते. कुणाचे ते सांगत नाही.

दीड वर्षापूर्वी तालुक्याच्या शिबिरात व्यासपीठावरून शब्द दिला होता की सहा महिन्यांत इथे झोपेची तपासणी मोफत सुरू होईल. मी समोर सतरंजीवर बसून टाळ्या वाजवल्या. गावातल्या चाळीस बायका टेम्पोत बसवून मीच आणल्या होत्या, तसं वरून सांगितलं होतं. यांचं नाव त्याच दिवशी टेबलावर नोंदवलं. चिठ्ठी अजून माझ्या पाकिटात आहे, नंबर 14. म्हणजे आधीचे तेरा जण आणि आम्ही, सगळे त्या खुर्च्यांच्या मागे रांगेत उभे आहोत असं समजा.

माझे मिस्टर 19 वर्षं ट्रॅव्हल्सवर रात्रीचे ड्रायव्हर. वय 46. घोरणं असं की शेजारची म्हातारी म्हणायची, तुझ्या घरात पिठाची गिरणी आहे. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात, मीही धरलं. पण ती गिरणी मध्येच बंद पडायची. एकदम शांत. छाती हलतेय, पण श्वास नाही. मी अंधारात आकडे मोजायचे. पंचवीस, तीस, कधी चाळीस. मग पाण्यातून डोकं वर काढावं तसा एक हिसका, आणि गिरणी परत सुरू. उताणं झोपलं की जास्त व्हायचं, म्हणून मी जुन्या बनियनला पाठीमागे खिसा शिवला आणि त्यात मुलाचा रबरी चेंडू घातला. उताणं झाले की टोचायचा, कूस बदलायचे. शिवायला धाग्याचे दोन रुपये लागले असतील. महोदय, झोपेच्या आजारावर या तालुक्यात आजवर झालेला खर्च तो एवढाच.

सकाळी डोकं जड. रात्री तीनदा लघवीला उठणं. शुगर पाहिली, नॉर्मल. प्रेशरच्या तीन गोळ्या, तरी वरचा आकडा 170. तीन गोळ्यांनी प्रेशर उतरत नसेल तर माणूस झोपतो कसा ते विचारायचं, हे मला आता कळलं. तेव्हा मला सांगितलं, मीठ कमी करा. केलं. घरात भांडणं झाली मिठावरून.

या श्रावणात यांच्या अंगावरून वारं गेलं. त्या रात्री ड्यूटी नव्हती, घरीच होते. साडेअकराला पाणी मागितलं, मी दिलं. दुसऱ्या दिवशी लसीकरणाचं सत्र होतं, मला झोप हवी होती, म्हणून मी गिरणीला कंटाळून मुलीच्या खोलीत जाऊन झोपले. साडेपाचला चहा ठेवून हाक मारली तर तोंड वाकडं, उजवा हात खाटेखाली लोंबतोय. मी आकडे मोजत होते त्या रात्री काही झालं नाही, आणि मोजायला नव्हते त्याच रात्री झालं. हे वाक्य मी आजवर कुणापुढे बोलले नव्हते, तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही वाचणार नाही याची बऱ्यापैकी खात्री आहे.

गाडी मिळवून मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत साडेआठ. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं?’ मी म्हटलं, रात्री साडेअकराला. त्यांनी पेन खाली ठेवलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि घड्याळ सुरू होतं ते शेवटचं धडधाकट पाहिल्यापासून. झोपेत झालेल्याचं घड्याळ झोपेतच संपतं. पाचातल्या एकाला तरी लकवा असाच झोपेत होतो म्हणे. एमआरआय करून त्यातल्या काहींना इंजेक्शन देता येतं, असं डॉक्टरच बोलले. एमआरआय किती किलोमीटरवर ते मी विचारलं नाही.

आता हात थोडा उचलतो, पण शब्द हरवलेत. पाणी म्हणायचं असतं आणि तोंडातून ‘डिझेल’ येतं. पहिल्यांदा पोरगी हसली, मग बाथरूममध्ये जाऊन रडली.

त्यानंतर खासगीत झोप तपासली. आठ हजार गेले, गळ्यातली पोत गहाण आहे. तासाला 62 वेळा श्वास अडकतो. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडकला की एक धरतात. तासाला पाचपर्यंत चालतं, तीसच्या वर गेलं की तीव्र. बासष्ट गुणिले सहा तास, रात्रीचे 372. असं दहा वर्षं चाललं असेल तर साडेतेरा लाख होतात. गुणाकार चुकला असेल तर तुमच्या सचिवांना तपासायला सांगा. आणि ऑक्सिजन 71 पर्यंत उतरला होता. कोरोनात मी दारोदार बोटाला मशीन लावत फिरले. 94 च्या खाली दिसलं की ताबडतोब मोठ्या दवाखान्यात पाठवा, असा तुमच्याच खात्याचा आदेश. माझ्या घरात रोज रात्री 71 होत होतं आणि बोट माझ्याच शेजारी होतं.

श्वास कोंडला की शरीराला वाटतं कुणी गळा दाबतंय. प्रेशर उसळतं, हृदय धावतं, रात्रीतून शेकडो वेळा. मग एक दिवस हृदयाचे ठोकेच बिघडतात, आत रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत जाते. यांचं नेमकं हेच झालं. पोरगी नर्सिंगला आहे, तिने शोधून वाचून दाखवलं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2005 मध्येच हजारेक माणसांवर दाखवलं होतं की असा श्वास अडकणाऱ्यांना लकव्याचा किंवा मरणाचा धोका जवळपास दुप्पट. अमेरिकेच्या हृदय संघटनेने हृदय जपायच्या यादीत झोप घातली 2022 साली. आणि आजारांचा धोका आधीच ओळखायचा आमचा सीबॅक फॉर्म? तिशीच्या वरच्या प्रत्येकाचा मी भरते. तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला शुगर-प्रेशर, आणि कमरेचा घेर. टेप घेऊन मी परक्या पुरुषांच्या कमरा मोजल्या, लोक टिंगल करतात तरी मोजल्या. घोरता का, झोपेत दम कोंडतो का, दिवसा डुलक्या येतात का, असा एक रकाना नाही. स्वतःच्या नवऱ्याचाही फॉर्म मीच भरला होता. घेर 98, तंबाखू नाही. सही माझी.

आता सीपॅप. नाकाला मुखवटा लावून हवेच्या दाबाने गळा उघडा ठेवणारं यंत्र. 45 हजार सांगितले. सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवर गेले. तिथला मुलगा म्हणाला, ताई, घरी वापरायचं यंत्र योजनेत बसत नाही. ॲडमिट असाल तर बघू. म्हणजे लकव्यासाठी खाट मिळेल, लकवा होऊ नये म्हणून मुखवटा मिळणार नाही. वर एका साहेबांनी मला ज्ञान दिलं, की यंत्राने लकवा टळतो असं 2016 च्या मोठ्या अभ्यासात दिसलंच नाही. खरं आहे, नाही दिसलं. पण साहेब, त्या अभ्यासातल्या माणसांनी ते यंत्र रात्री सरासरी तीन-सव्वातीन तासच लावलं होतं. अर्ध्या रस्त्यात हेल्मेट काढून ठेवायचं आणि डोकं फुटलं की हेल्मेटला नाव ठेवायचं. आमच्याकडे तर आणखी सोपं, रात्री लाईट गेली की यंत्रही गेलं.

यांच्या मालकाबद्दल लिहायला बसले तर दुसरं पत्र होईल. ड्रायव्हरने दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, असं 1961 सालीच कायद्यात लिहून झालं होतं. हे कितीदा सलग दोन-दोन रात्री गाडीवर होते ते माझ्या कॅलेंडरवर आहे. आठवड्याला 55 तासांच्या वर काम केलं तर लकव्याचा धोका 35 टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना 2021 मध्ये सांगून बसली. युरोपात 2014 मध्येच ड्रायव्हरच्या लायसन्सच्या नियमांत हा श्वास अडकण्याचा आजार घातलाय. आपल्याकडे डोळे तपासतात. मिटलेले डोळे कोण तपासणार? मागे तीस-पस्तीस माणसं पांघरूण घेऊन झोपलेली असतात, त्यांना वाटतं पुढचा जागा आहे.

त्याच जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये आम्हा आशांना पुरस्कार दिला होता. आपल्या कार्यालयांत फोटो लागले. त्या पुरस्काराने रिचार्ज होत नाही. आभा म्हणजे आरोग्य ओळख कार्डाचं टार्गेट, ओटीपी घ्या, फोटो टाका, लोकेशनसहित टाका, ॲप चालत नसेल तर रानात जाऊन रेंज शोधा. मोबदला तीन महिने अडकला की विचारायचं नाही. रात्री दोनला बाळंतीण निघाली की आशा पाहिजे. आमची झोप कुठल्या खात्यात मोडते? गावातल्या पुढाऱ्याचा वाढदिवस असतो तेव्हा रात्री बारापर्यंत डीजे, दहानंतर बंदी आहे हे पोलिसांनाही माहीत, आणि सकाळी तोच पुढारी शिबिरात ‘आरोग्यम् धनसंपदा’ म्हणून नारळ फोडतो. तुम्हाला माणसं मोजायची हौस आहे, बरी करायची नाही. हे मी रागात लिहिलं. खोडणार होते, राहू दिलं.

मागणं काय, ते शोधायला पत्र परत वाचावं लागू नये म्हणून लिहिते : कुलूप उघडा, फॉर्ममध्ये रकाना घाला, यंत्र निदान भाड्याने तरी द्या.

रकान्याची वाट मी बघत नाहीये. गेल्या महिन्यापासून दोनशे पानी वही घेऊन फिरते. कंबर मोजून झाली की बायकोला बाजूला घेऊन विचारते, घोरतात का, मध्येच थांबतात का. पुरुष नाही म्हणतात, बायका लगेच सांगतात, काही तर सेकंदही सांगतात. बऱ्याचजणी माझ्यासारख्याच अंधारात मोजत असतात. अकरा पानं भरलीत. कुणाला हवी असली तर वही न्यायला पाठवा, पण येणाऱ्याला सांगा, पोच लिहून द्यावी लागेल. नुसत्या शब्दावर मी आता काही देत नाही.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
(चिठ्ठी नंबर 14)