चर्चा पानावर आलेल्या ताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या गायक काकांवरच्या विकिपीडिया लेखात तुम्ही स्वतः एक अक्षरही बदललं नाही. आधी तुमच्या खात्याच्या सदस्य पानावर नातं जाहीर केलंत, मग लेखातले बदल जिथे सुचवतात त्या चर्चा पानावर विनंत्या मांडल्यात. त्याबद्दल मनापासून आभार. एरवी घरचं माणूस लेखात शिरलं की 'गानतपस्वी', 'सुप्रसिद्ध' अशी विशेषणं येतात, कोणीतरी उडवतं, ती परत येतात, शेवटी खातं रोखलं जातं आणि या ओढाताणीत खरी दुरुस्तीही वाहून जाते.

तुमच्या एका विनंतीत एकच बदल असायचा: कुठलं वाक्य, त्याजागी काय हवं, आधार कोणता. त्यामुळे एक अडली तरी बाकीच्या मार्गी लागल्या.

कात्रणांसाठी तर विशेष आभार. घरोघरी जपलेल्या कात्रणांचा वरचा भाग नेमका कापलेला असतो. ना तारीख, ना पान. त्यात मराठी दैनिकांच्या पुणे, मुंबई, कोल्हापूर आवृत्त्यांची पानं वेगळी, पुरवण्या वेगळ्या. तुम्ही ग्रंथालयात बसून प्रत्येक कात्रणावर दैनिक, आवृत्ती, तारीख, पान आणि लेखकाचं नाव लिहिलंत. हे किचकट काम सहसा कोणी करत नाही.

जन्मसालासाठी शाळेचा दाखला न चढवता छापील कोशातली नोंद दिलीत, तेही बरं झालं. जिवंत व्यक्तीच्या खासगी कागदांवरून इथे काही लिहीत नाहीत. गौरवग्रंथ जन्मगाव, शिक्षण, गुरू एवढ्यापुरता चालतो. थोरवीसाठी नाही, कारण गौरव समिती आपल्याच माणसांची. एका संकेतस्थळावरचा लेख तर तुम्ही आपणहून मागे घेतलात: त्याची तारीख आमच्या लेखाच्या इतिहासाशी, म्हणजे त्यातल्या जुन्या बदलांच्या नोंदीशी ताडली, तेव्हा तो मजकूर इथूनच उचललेला निघाला. असा संदर्भ लावला असता, तर लेखानं स्वतःचीच साक्ष काढल्यासारखं झालं असतं.

हा कडकपणा उगाच नाही. 2005 साली अमेरिकी पत्रकार जॉन सिगेनथेलर यांच्यावरच्या इंग्रजी लेखात, केनेडी हत्येशी त्यांचा संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला होता. म्हणून जिवंत व्यक्तीबद्दलचा वादग्रस्त, बिनसंदर्भ मजकूर, स्तुतीचा असला तरी, चर्चेची वाट न पाहता काढतात. आणि या कामाचे तुम्हाला कोणी पैसे देत असतं, तर विकिपीडियाच्या 2014 पासूनच्या वापर अटींप्रमाणे ते कोण, हेही जाहीर करावं लागलं असतं.

दोन गोष्टी अजून अडल्या आहेत. काकांना मिळालेल्या आकाशवाणीच्या 'टॉप' या कलाकारांसाठीच्या सर्वोच्च श्रेणीचा उल्लेख फक्त कार्यक्रमपत्रिकेत आहे, आणि ती आयोजकांनीच छापलेली; एखाद्या दैनिकातली बातमी मिळाली तर बघा. मैफलीच्या फोटोचा हक्क काकांचा नाही, तो काढणाऱ्या छायाचित्रकाराचा. कोणत्या मुक्त परवान्याखाली (म्हणजे इतरांना तो वापरू देणाऱ्या परवान्याखाली) देत आहेत हे लिहून त्यांनी स्वतःच्या ईमेलवरून परवानगी पाठवली, की तो लेखात लावता येईल.

आपले,
चरित्रलेख पाहणारे संपादक