नवा समुद्री मासा थेट टाकीत सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मासा घेताना ‘आधी वेगळा ठेवायचा का?’ असे विचारले, की बहुतेक दुकानांत एकच उत्तर मिळते : ‘आमच्याकडे पंधरा दिवस होता, खातोय, बिनधास्त सोडा.’ मासा थेट मोठ्या टाकीत जातो. दोन-तीन आठवड्यांनी अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसू लागतात आणि मग नव्याबरोबर वर्षानुवर्षे सांभाळलेले मासेही एकामागून एक जातात. दोष पाण्याला, खाद्याला नाही तर नशिबाला दिला जातो. म्हणून हे पत्र. नवा समुद्री मासा, मग तो स्वस्तातला डॅमसेल असो की महागडा टँग, वेगळ्या टाकीत ठेवून, उपचार करूनच मोठ्या टाकीत सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानातले ‘पंधरा दिवस’ विलगीकरणाचे का नव्हेत, ते आधी पाहू. भिंतभर मांडलेल्या टाक्या वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुधा एकाच सम्पला (पाणी गाळून परत पाठवणाऱ्या खालच्या टाकीला) जोडलेल्या असतात. काल आलेल्या माशाचे पाणी आज जुन्या माशाच्या कल्ल्यांवरून वाहते. शिवाय अनेक ठिकाणी पाण्यात थोडे कॉपर (परजीवी मारणारे तांब्याचे औषध) असते आणि सॅलिनिटी, म्हणजे विशिष्ट गुरुत्वाने मोजलेला खारटपणा, १.०१८ ते १.०२० इतकी खाली ठेवलेली असते. एवढ्याशा कॉपरने परजीवी मरत नाही, नुसता दबून राहतो. मासा घरच्या १.०२५ च्या, कॉपर नसलेल्या पाण्यात आला की परजीवी डोके वर काढतो. दुकानदार दर वेळी खोटे बोलत असतो असे नाही. त्याच्या पाण्यात मासा खरोखर ठणठणीत दिसत असतो.

व्हाइट स्पॉट, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला ठिपक्यांचा रोग, घडवणारा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय जीव आहे. माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत तो तीन ते सात दिवस पोसतो, मग गळून दगडाला, वाळूला किंवा काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. आत विभाजन होऊन शेकड्याने पिल्ले तयार होतात. ती कधी तीन दिवसांत बाहेर येतात, कधी महिन्याने. ७२ दिवस लागल्याचीही नोंद आहे. बाहेर पडल्यावर एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, ही समजूत इथेच फसते. ठिपके जातात ते परजीवी वाढायला तळाशी उतरला म्हणून. पुढची खेप कितीतरी मोठी असते.

‘हा परजीवी प्रत्येक टाकीत असतोच, मासा सशक्त ठेवा म्हणजे झाले’ हेही सर्रास ऐकू येते. ते खरे नाही. माशाशिवाय त्याचे जीवनचक्र पूर्ण होत नाही, त्यामुळे टाकीत तो आणला गेला तरच असतो. लसूण, क्लीनर कोळंबी आणि यूव्ही दिवा यांवर लोक पैसे घालतात. यूव्हीने पाण्यात तरंगणारी पिल्ले काही प्रमाणात मरतात, पण कवचातल्या आणि माशाच्या अंगातल्या परजीवीला या तिन्हींपैकी काहीही हात लावत नाही.

व्हाइट स्पॉटपेक्षा घातक आहे व्हेल्वेट, म्हणजे अमायलूडिनियम या दुसऱ्या परजीवीचा रोग. तो आधी कल्ल्यांत बसतो, त्यामुळे अंगावर काही दिसण्यापूर्वीच मासा दगावू शकतो. मासा जोरजोरात श्वास घेतो, पंपाच्या प्रवाहात तोंड देऊन उभा राहतो, उजेड टाळतो. पिठीसारखी झाक दिसेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. पहिल्या लक्षणापासून शेवटापर्यंत दोन-चार दिवस. म्हणून ‘नुसते निरीक्षण करू, काही दिसले तर औषध देऊ’ ही पद्धत मला पुरेशी वाटत नाही.

आता विरोधकांचा एक मुद्दा, जो मला पूर्ण मान्य आहे : वाईट विलगीकरण माशाला मारते. आणि ते बहुतेक वेळा अमोनियाने मारते. घाईघाईने नवीन टाकी भरली, त्यात जीवाणू बसलेला फिल्टर नाही, मासा खातो-हगतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कल्ले भाजून निघतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्याने तिथे अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त विषारी ठरतो. उपाय सोपा आहे, पण तो मासा आणण्याच्या महिनाभर आधी करायचा असतो : स्पंज फिल्टरचा स्पंज मोठ्या टाकीच्या सम्पमध्ये तीन-चार आठवडे टाकून ठेवावा. टाकी नवीनच असेल तर बाटलीतले जीवाणू आणि थोडा अमोनिया घालून स्पंज आधी तयार करावा.

जागा नाही, ही मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमधली नेहमीची अडचण. पण यासाठी लागते ती २४ बाय १२ बाय १५ इंचाची टाकी, साधारण ६० लिटर पाण्याची. मोठे टँग किंवा एंजल सोडले तर बहुतेकांना ती पुरते. त्यात वाळू नाही, खडक नाही. दोन्ही कॉपर शोषून घेतात. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो, तीन बाजूंना काळा कागद, वर जाळी, कारण रास (wrasse) जातीचे मासे हमखास उडी मारतात. सोबत एअर पंप, थर्मामीटर आणि १०० वॉटचा हीटर. तापमान २६-२७ अंशांवर ठेवावे. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर लागतोच. मुंबईच्या मे महिन्यात प्रश्न उलटा होतो : गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचे गोडे पाणी घालायचे, खारे नव्हे. वीज जाते अशा भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच. पाणी आरओचे आणि मीठ मत्स्यालयाचे, लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम. चौपाटीवरून कॅनने आणलेले पाणी नको. पावसाळ्यात त्याची सॅलिनिटी घसरते आणि सांडपाण्यातून काय आले असेल ते कळत नाही.

मासा घरी आला की थेंबथेंब पाणी सोडत तासभर बसण्याची प्रथा आहे. लांबून पिशवीत आलेल्या माशासाठी ती धोक्याची आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो आणि साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून दुकानदाराला त्याच्या पाण्याची सॅलिनिटी आधीच विचारून वेगळ्या टाकीचे पाणी तेवढेच ठेवावे. बंद पिशवी १५ मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग उघडून मासा लगेच टाकीत सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत जाऊ देऊ नये. नंतर सॅलिनिटी रोज ०.००१ ते ०.००२ ने चढवत १.०२५ वर न्यावी. एकदम उतरवणे माशाला सोसते, एकदम चढवणे सोसत नाही.

पहिले चार-पाच दिवस औषध नको, फक्त खाणे. मायसिस आणि ब्राइन श्रिंप (कोळंबीसारखे बारीक जीव), टँगसाठी नोरी (वाळवलेले समुद्री शेवाळ). हट्टी बटरफ्लाय माशाला अर्धी उघडलेली ताजी तिसरी (शिंपला) द्यावी, त्यावर तो बहुधा तोंड घालतो. बाजारातली कोळंबी बारीक चिरून, धुऊन चालते. उरलेले अन्न अर्ध्या तासात काढून टाकावे. व्हेल्वेटची लक्षणे दिसली तर मात्र ही वाट पाहायची नाही, त्याच दिवशी कॉपर सुरू करायचे.

कॉपर हे या सगळ्याचे केंद्र आहे आणि चुकाही इथेच जास्त होतात. चिलेटेड कॉपर (पाण्यात विरघळलेले टिकावे म्हणून दुसऱ्या रसायनाशी बांधलेले तांबे) वापरत असाल तर पातळी लिटरला २.० ते २.५ मिलिग्रॅम, ती दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने गाठावी आणि पुढे सलग ३० दिवस टिकवावी. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, स्वस्त आहे खरे, पण त्याची उपचाराची पातळी ०.१५ ते ०.२० इतकी अरुंद आहे. शिवाय अल्कधर्मी खाऱ्या पाण्यात ते खाली बसत राहते, म्हणून दिवसातून दोनदा मोजावे लागते. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. बाटलीवर लिहिलेले थेंब मोजून थांबणेही चुकीचे. पाण्यातले कॉपर मोजावे लागते. रंग जुळवून बघायच्या किटवर २.० आणि २.५ मधला फरक डोळ्याला कळत नाही. हॅना कंपनीचा हाय रेंज कॉपर चेकर आकडा दाखवतो. तो महाग वाटला तरी दोन-तीन मित्रांनी मिळून घ्यावा.

कॉपर फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना मारते, माशावरच्या किंवा कवचातल्या परजीवीला नाही. म्हणून तर ३० दिवस. मध्ये एकदा पातळी २.० च्या खाली गेली की मोजणी पहिल्यापासून. आणि ती खाली जाते पाणी बदलताना. ६० लिटरमधले १५ लिटर काढून साधे खारे पाणी घातले तर २.२५ चे १.६९ होते. बदलीच्या १५ लिटरमध्ये आधीच ३४ मिलिग्रॅम कॉपर असले पाहिजे. अमोनिया वाढला म्हणून घाबरून अमोनिया बांधणारे रसायन ओतणे ही आणखी मोठी चूक : ते काही प्रकारच्या कॉपरला अधिक विषारी रूपात बदलते. तिथे उपाय एकच, कॉपर मिसळलेल्या ताज्या पाण्याने बदल. फिल्टरमध्ये कार्बन ठेवायचा नाही, हे वेगळे सांगायला नको.

मलेरियाचे क्लोरोक्विन फॉस्फेटही यासाठी वापरले जाते. पण ते घरी मोजता येत नाही, आणि गोळ्यांतले इतर घटक पाणी नासवतात. मोजता येते ते औषध मला बरे वाटते.

कॉपर संपल्यावर कार्बन आणि मोठ्या पाणीबदलाने ते काढून टाकावे, मग प्राझिक्वांटेल हे कृमींवरचे औषध. निओबेनेडेनियासारख्या चपट्या कृमींवर कॉपरचा उपयोग नसतो. लिटरला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० लिटरला १५० मिलिग्रॅम. अंडी या औषधाने मरत नाहीत, म्हणून सात दिवसांनी दुसरा डोस. औषध घातल्यावर जीवाणू भराभर वाढतात आणि रात्रीत प्राणवायू घसरतो; एअर पंप पूर्ण क्षमतेने चालू ठेवावा. त्यानंतर दहा दिवस साध्या पाण्यात निरीक्षण. सगळे धरून आठ आठवडे होतात. एवढा धीर धरवत नसेल, तर मासा विकत घेण्याचा दिवस पुढे ढकलावा, हे आठवडे कापू नयेत.

सगळ्यांना एकच माप लावता येत नाही. मँडरिन माशाला कॉपर सोसत नाही आणि रिकाम्या टाकीत तो उपाशी मरतो. तो कोपेपॉड नावाचे बारीक जिवंत कवचधारी जीव खाऊन जगतो, म्हणून रोज कोपेपॉड देऊन त्याला माशांविना टाकीत एकटे ठेवणे बरे. अशा नाजूक माशांना व्हाइट स्पॉटपुरता टाकीबदलाचा मार्गही आहे : दर ७२ तासांनी निर्जंतुक करून वाळवलेल्या आणि ताजे खारे पाणी भरलेल्या दुसऱ्या टाकीत हलवायचे, असे चार वेळा. यात परजीवी मागे राहतो, मासा पुढे जातो. व्हेल्वेटवर मात्र त्याचा भरवसा धरू नये. क्लाउनफिशच्या अंगावर पांढरट चिकट थर दिसला तर संशय ब्रुकलिनेला या आणखी एका परजीवीचा. त्यावर कॉपर लागू पडत नाही. दहा लिटर खाऱ्या पाण्यात ३७ टक्क्यांचे फॉर्मॅलिन दीड मिली, भरपूर हवा सोडून ३० ते ४५ मिनिटे, आणि नंतर मासा स्वच्छ टाकीत. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बाटलीत पांढरा गाळ बसला असेल तर ते फॉर्मॅलिन टाकून द्यावे, ते जास्त विषारी झालेले असते.

मासे तपासून घेणारेही गोगलगायी, खेकडे, प्रवाळ थेट टाकीत सोडतात. शंखावर किंवा प्रवाळाच्या प्लगवर (तो चिकटवलेल्या छोट्या बैठकीवर) परजीवीचे कवच चिकटून येते. त्यांना कॉपर देता येत नाही, कारण त्याने ते मरतात. त्यांना ७६ दिवस, म्हणजे वर सांगितलेल्या ७२ दिवसांहून थोडे जास्त, माशांविना टाकीत ठेवणे एवढाच मार्ग. आपल्या किनाऱ्यावरून काढलेली कठीण प्रवाळे आणि त्यांचे खडक कायद्याने संरक्षित आहेत, ते घेऊच नयेत. दोन टाक्यांची जाळी, बादली, नळी वेगळी हवी. ओले जाळे एका टाकीतून दुसरीत नेले की आठ आठवडे पाण्यात. पंप आणि स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) यांच्या तुषारांतूनही संसर्ग पोहोचू शकतो, म्हणून टाक्यांमध्ये किमान तीन मीटर अंतर.

रोग आधीच मोठ्या टाकीत शिरला असेल तर सगळे मासे बाहेर काढून त्यांच्यावर वेगळ्या टाकीत उपचार करावेत आणि मोठी टाकी ७६ दिवस माशांविना चालू ठेवावी. एक मासा जरी मागे राहिला तरी ते ७६ दिवस वाया जातात. मोठ्या टाकीत औषध घालू नये.

दुकानदारांना एक विनंती. प्रत्येक टाकीवर नाव आणि भाव लिहिलेला असतोच. त्याखाली आणखी तीन गोष्टी लिहाव्यात : मासा आल्याची तारीख, पाण्याची सॅलिनिटी आणि पाण्यात कॉपर असल्यास त्याची पातळी. ग्राहकांनीही मासा पसंत करण्याआधी हे तीन आकडे विचारावेत आणि पिशवी बांधण्यापूर्वी तो मासा आपल्यासमोर खाताना पाहावा.

आपला,
एक मत्स्यपालक, ठाणे