पहारा कुठं होता?

ता. मेहकर, जि. बुलढाणा
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय गजू,

सप्रेम नमस्कार. वहिनींना नमस्कार सांग, लेकरांना आशीर्वाद.

पहलगामवरून सरकारला प्रश्न विचारावेत की नाही, यावर भांडून तू फोन ठेवलास त्याला आज पंचवीस दिवस झाले. शाळेत असल्यापासून आपण इतके दिवस अबोला धरला नव्हता. दोनदा फोन हातात घेतला, पण वाटलं, पुन्हा तेच होईल. तुझा आवाज चढेल, माझाही चढेल. म्हणून लिहायला बसलो. शांतपणे वाच, आणि पटलं नाही तरी फाडू नकोस.

परवा पोळा झाला. तुझ्या धाकट्या भावाची जोडी यंदा सगळ्यांत देखणी होती. शिंगांना हिंगूळ, पाठीवर नवी झूल, गळ्यात तुझ्या बाबांच्या वेळच्या घुंगरमाळा. मारुतीच्या पारासमोर तोरण बांधलं, त्याखाली पंचवीस-तीस जोड्या उभ्या राहिल्या. आपल्या लहानपणी शंभराच्या वर असायच्या. ट्रॅक्टर आले, ढोरं गेली. पण पोळ्याची ती गाणी, झडत्या, अजून होतात, आणि त्यासाठीच सगळं गाव जमतं. एका पोरानं सुरुवात केली,

अकरा टक्के माफ केले, गाठी आल्या जहाजानं,
पऱ्हाटी आमची वावरात उभी, भाव पाडला राजानं,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

असा गजर झाला की बैल बुजले. तुला कळलंच असेल, सरकारनं १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं. आपल्याकडे अजून बोंडं फुटायची आहेत आणि व्यापारी आतापासून तोंड वाकडं करायला लागलेत. पोरांनी सरकारला भर चौकात जाब विचारला, सगळे ओरडले, कोणाला काही वावगं वाटलं नाही.

मग आपल्या शाळेतले शिपाई आबा पुढे झाले. ऐंशी ओलांडली, पण आवाज तोच, घंटेसारखा. त्यांनी ओळ टाकली,

सव्वीस माणसं मारली कुरणात, पहारा कुठं होता?

एप्रिलमध्ये पहलगामच्या कुरणात मारलेल्या माणसांची ओळ ती. दुसरी ओळ त्यांच्या तोंडातच राहिली. मागून दोघं-तिघं ओरडले, "आबा, देशाच्या विरोधात बोलू नका!" कोणीतरी घोषणा सुरू केल्या आणि त्या गोंगाटात आबा काठी घेऊन बाजूला झाले. मी त्या पोरांना विचारलं, "अरे, देशाच्या विरोधात काय बोलले ते? आपली माणसं मेली, रखवाली कोणाची होती एवढंच विचारलं ना?" तर ज्याचा भरतीचा फॉर्म मी स्वतः भरून दिला, तो म्हणतो, "काका, तुमी पाकिस्तानचे वकील आहात काय?"

गजू, हे मला फार लागलं. घरी येऊन पुरणपोळी गिळवेना.

कापसाचा भाव विचारला तर मी शेतकरी, आणि जवानाच्या जिवाचं, पर्यटकाच्या जिवाचं विचारलं तर मी देशद्रोही? सरकार तेच आणि विचारणारा मीही तोच. कोणत्या प्रश्नाला तोंड उघडायचं आणि कोणत्याला नाही, हे कधी ठरलं आणि कोणी ठरवलं?

तुझं म्हणणं मी विसरलेलो नाही. तू म्हणालास, "पुढे गोळी चालू असताना मागून कुजबुज ऐकू आली की हात थरथरतो. तुम्ही पारावर बसून बोलता, तिथं रात्र काढून पाहा." ते खरं आहे. वीस वर्षं तू फौजेत नोकरी केलीस, मी एक रात्रही पहारा दिलेला नाही. तुझ्यापुढे मी ह्या बाबतीत लहानच आहे. आणि लढाई चालू होती तेव्हा मी गप्प होतो, हेही तुला ठाऊक आहे. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूरमध्ये आपल्या फौजेनं नऊ ठिकाणांवर मारा केला, तेव्हा पहिला फोन मी तुलाच केला होता आणि आपण दोघंही रडलो होतो.

८ मेची रात्र मात्र तुला सांगायची राहिली. माझा फौजेतला पुतण्या तेव्हा पूंछच्या बाजूला होता. त्याची आई, थोरल्या वहिनी, टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या होत्या, मांडीवर मोबाइल, ताटातली भाकरी वाळून गेलेली. टीव्हीवाले ओरडत होते, कराचीचं बंदर उद्ध्वस्त झालं, आता अमुक शहर पडलं, आता तमुक. त्यातलं पुढे काहीच खरं निघालं नाही. शेजारची पोरं टाळ्या पिटत होती. वहिनींनी एकदाच मान वर केली आणि म्हणाल्या, "एवढं यायनं टाकलं, मंग ते आपल्या पोरावर काय टाकतीन?" कोणाजवळ उत्तर नव्हतं. त्या दिवसांत पूंछमध्ये तोफगोळ्यांनी साधीसुधी माणसं, लेकरं मेली, ते आम्हाला नंतर कळलं. १० मेला संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. ११ ला सकाळी पुतण्याचा फोन आला. "जेवलो" एवढंच म्हणाला. वहिनी देवघरात जाऊन बसल्या त्या दुपारी बाहेर आल्या.

आता तू मला सांग, गोळी थांबली १० मेला. विरोधी पक्ष संसदेचं खास अधिवेशन मागत होता, ते झालं नाही. चर्चा झाली २८ जुलैला, म्हणजे अडीच महिन्यांनी. त्यावरही तू म्हणालास, ही वेळ नाही. मग वेळ कोणती?

लोकसभेतली ती चर्चा मी दोन्ही दिवस ऐकली. दिवसा डवरणी आणि संध्याकाळी मोबाइलवर भाषणं. गृहमंत्र्यांनी सांगितलं की पहलगामचे तिन्ही मारेकरी आदल्याच दिवशी दाचीगामच्या जंगलात ठार झाले. त्या रात्री मी समाधानानं झोपलो, खोटं कशाला सांगू? पण संरक्षणमंत्री म्हणाले की परीक्षेत निकाल महत्त्वाचा, पेन्सिल मोडली की पेन हरवला हे महत्त्वाचं नाही. ते मला सोसलं नाही. लढाऊ विमान म्हणजे पेन्सिल नव्हे. त्यात बसणारा कोणाचा तरी पोरगा असतो. त्यापेक्षा तिन्ही दलांचे प्रमुख जनरल अनिल चौहान बरे. त्यांनी ३१ मेला सिंगापुरात उघड सांगितलं की विमानं गमावली, चूक कुठे झाली ते शोधलं, सुधारली आणि पुन्हा उड्डाण केलं. हे ऐकून माझा फौजेवरचा विश्वास वाढलाच. चूक कबूल करणाऱ्या सालदारावर आपण बैलजोडी सोपवतो, लपवणाऱ्यावर नाही.

विरोधकांवरही माझा राग आहे. काही जण विमानं किती पडली, किती पडली, एवढंच विचारत राहिले, जणू क्रिकेटचा स्कोअर. शस्त्रसंधीबद्दल अमेरिकेचा अध्यक्ष काय म्हणाला यात दोन्हीकडचे किती तास गेले! पहलगामजवळच्या बैसरणच्या त्या कुरणात एवढे पर्यटक जात होते तर तिथं एकही जवान का नव्हता, हा प्रश्न प्रियंका गांधींनी विचारला, आणखी एक-दोघांनी विचारला. आपले सहा जण महाराष्ट्रातले होते त्यात, डोंबिवलीचे, पुण्याचे, पनवेलचे. त्या प्रश्नाचं सरळ उत्तर मी दोन्ही दिवस कान देऊन बसलो तरी मला मिळालं नाही. जम्मू-काश्मीरचे उपराज्यपाल मनोज सिन्हा जुलैत म्हणाले की ती सुरक्षेतलीच चूक होती आणि जबाबदारी माझी. पण जबाबदारी घेतली म्हणजे काय झालं? कोणाची खुर्ची हलली? आबांची ओळ याच प्रश्नाची होती, दुसरं काही नाही.

तू म्हणालास, सरकार बदललं की तुझे प्रश्नही बदलतील. हे मात्र तू अन्यायाचं बोललास. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत १६६ माणसं मेली, तेव्हा सत्तेत कोण होतं? त्या वेळी आपण दोघांनी याच पारावर बसून शिव्या दिल्या होत्या. तू सुट्टीवर आला होतास. दिल्लीत शिवराज पाटलांनी गृहमंत्रिपद सोडलं, इकडे आर. आर. पाटील गेले, विलासराव गेले. तेव्हा तूच म्हणाला होतास, "निदान लाज तरी बाळगली." मी फक्त तीच लाज आताही मागतो आहे.

आणि १९६२? तुझे बाबा सांगायचे, चीनच्या लढाईत गावानं सोनं दिलं होतं, आईनं डोरल्यातले मणी काढून दिले होते. पण त्याच लढाईत, चिनी सैन्य आत घुसलेलं असताना, अटलबिहारी वाजपेयी या तरुण खासदारानं अधिवेशन बोलवा म्हणून मागणी केली आणि नेहरूंनी ८ नोव्हेंबरला संसद भरवली. बैठक गुप्त ठेवा असंही सुचवलं गेलं होतं, ते नेहरूंनी नाकारलं. सगळं उघड बोललं गेलं, अगदी नेहरूंच्या तोंडावर. संरक्षणमंत्री मेनन यांना तर त्याआधीच जावं लागलं होतं आणि त्यांच्या जागी आपले यशवंतराव गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण शाळेत घोकलं. पण सह्याद्रीला धावावं लागलं ते प्रश्न विचारणारे होते म्हणून, हे आपल्याला कोणी शिकवलं नाही. त्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल मात्र आजतागायत बंद आहे. काँग्रेसनं दडवला, भाजपनंही उघडला नाही. यात मला दोघंही सारखेच.

कारगिल तू माझ्याहून जास्त जाणतोस. ५२७ जवान गेले. लढाई संपून तीन दिवस झाले नाहीत तोच, २९ जुलै १९९९ ला, वाजपेयींच्या सरकारनं के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली आणि फेब्रुवारी २००० मध्ये तिचा अहवाल संसदेत मांडला. शत्रू टेकड्यांवर येऊन बसला आणि आपल्याला कळलं कसं नाही, हे त्यात लिहिलं. त्यानं फौजेचा अपमान झाला का? तूच म्हणायचास की त्यानंतर कितीतरी गोष्टी सुधारल्या. त्याच सुब्रह्मण्यम यांचा मुलगा आज परराष्ट्रमंत्री आहे आणि जुलैत त्याच सभागृहात उभा राहून बोलत होता. मग तशी समिती आता का नाही? एवढीच माझी मागणी आहे, गजू. माझ्या मनात दुसरं काही नाही.

पुलवामा आठव. फेब्रुवारी २०१९. चाळीस गेले, त्यातले दोन आपल्याच जिल्ह्यातले. लोणार तालुक्यातल्या अंत्ययात्रेला आपण तुझ्या मोटारसायकलवर गेलो होतो. धुळीनं डोळे भरले होते, माणूस माणसाला लागून उभा. आपल्या बाजूला एक म्हातारे शेतकरी होते, धोतराचा सोगा डोळ्यांना लावून. ते कोणाला उद्देशून नाही, असंच म्हणाले, "एवढ्या गाड्या एकाच रस्त्यानं काहून नेल्या?" ७८ गाड्या होत्या त्या ताफ्यात, अडीच हजारांवर जवान. तू त्या वेळी मान खाली घातलीस. मी पाहिलं होतं. तेव्हाचे राज्यपाल सत्यपाल मलिक चार वर्षांनी म्हणाले की जवानांसाठी विमानं मागितली होती आणि ती दिली नाहीत. सरकारनं विचारलं, पदावर होता तेव्हा का नाही बोललात? ठीक, तोही प्रश्न रास्त आहे. पण विमानं मागितली होती की नव्हती? मलिक याच महिन्यात ५ तारखेला वारले. हल्ला कोणी केला याचं आरोपपत्र झालं, आपल्याकडे चूक कुठे झाली याचा कारगिलसारखा अहवाल संसदेत आला नाही. त्या म्हाताऱ्याला उत्तर मिळालं नाही.

आपल्या गावातून आजही पहाटे साडेचारला दहा-बारा पोरं मेहकर रस्त्यावर धावतात. चार वर्षांची अग्निवीरची नोकरी, तरी धावतात. सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला आहे, घरी दुसरं आहे काय? आपल्या जिल्ह्यातल्याच एका अग्निवीराचा ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला जीव गेला. घरच्यांना मदत मिळाली, पण कायमची पेन्शन नाही, तशी तरतूदच नाही. ज्यांच्या घरातून ही पोरं जातात त्यांनी विचारायचं नाही, तर कोणी?

पुतण्या जूनमध्ये पेरणीला आला होता. एका संध्याकाळी बांधावर बसलो असता मी त्याला म्हटलं, "तुमच्याबद्दल इकडे एवढं भांडण चालते, तुले काय वाटते?" तो बराच वेळ ढेकळं फोडत राहिला. मग म्हणाला, "काका, आमाले विचारता येत नाही. तुमाले येते." उठला आणि तिफणीमागे गेला. त्याच्याकडून मी आणखी काही काढून घेतलं नाही. तेव्हापासून मला वाटतं, तूही वीस वर्षं विचारू शकला नाहीस. त्याची सवय अंगात मुरली म्हणून तुला आमचं विचारणं टोचत असेल का? चुकत असेन तर सांग.

काल सकाळी आबांकडे गेलो. ओट्यावर बसून सुतळी वळत होते. मी म्हटलं, "आबा, झडतीची दुसरी ओळ काय होती?" पहिल्यांदा म्हणाले, विसरलो. चहा झाला, पानसुपारी झाली. मी उठलो तेव्हा म्हणाले, "गजू फौजेत होता ना? तो आला म्हणजे त्याच्यासमोर म्हणीन. त्यानं थांब म्हटलं तर थांबीन."

तेव्हा दसऱ्याला ये. पुतण्याचीही तेव्हाच रजा आहे. मेहकरच्या स्टँडवर उतरलास की फोन कर, गाडी घेऊन येतो. तुझ्या भावाच्या गोठ्याचे पत्रे उडाले आहेत, तेही दोघं मिळून बसवू.

तुझाच,
बंडू