पिस्तिस म्हणजे नुसती श्रद्धा नव्हे

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला धर्म आणि विज्ञानावरचा लेख वाचला, चांगलाय, पण बायबलमधला ग्रीक शब्द 'पिस्तिस' म्हणजे पुरावा न मागता ठेवलेली श्रद्धा असं त्यात सरळ लिहिलंय ते मला अजिबात पटलं नाही.

अहो हा शब्द नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या ग्रीकमधे लिहिलेल्या भागाच्या, कितीतरी आधीचा. त्याचं नातं 'पेइथो' म्हणजे पटवणे या क्रियापदाशी आहे, आणि अ‍ॅरिस्टॉटल वक्तृत्वावर लिहितो तेव्हा समोरच्याला पटवायच्या साधनांनाच पिस्तिस म्हणतो, मग तो युक्तिवाद असो की बोलणाऱ्या माणसाबद्दल वाटणारा भरवसा. म्हणजे पुरावा नको म्हणणारा शब्द तो नाहीच! दिलेला शब्द, हमी असाही त्याचा अर्थ होतो, आणि आजही ग्रीसमधे क्रेडिट कार्डला 'पिस्तोतिकी कार्ता' म्हणतात, आपल्या पतसंस्थेतली 'पत' असते ना, तसंच.

बायबलच्या जुन्या भागात विश्वासासाठी येणारा हिब्रू शब्द 'एमुना' तर मला सगळ्यात आवडतो. बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात लढाई चालू असताना इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याचे वर धरलेले हात थकतात, अहरोन आणि हूर हे त्याचे सोबती दोन बाजूंनी ते धरून ठेवतात आणि सूर्य मावळेपर्यंत हात स्थिर राहिले असं येतं, तिथे स्थिर या अर्थाने एमुना हाच शब्द आहे. 'आमेन' त्याच धातूचा, अरबी 'इमान' आणि 'अमानत' पण त्याच घरातले, आणि हे दोन्ही आपण मराठीत रोज वापरतो. इमानी नोकर म्हणतो तेव्हा त्याने डोळे मिटून काही मानलंय असं कोणाच्या मनात येतं का?

बरं, श्रद्धा हा शब्द तरी कुठे हलका आहे? लॅटिन 'क्रेदो' आणि आपली श्रद्धा एकाच मुळाच्या, क्रेडिट त्यातूनच आलं. पण आज मराठीत श्रद्धा म्हटलं की लगेच अंधश्रद्धेचा वाद डोक्यात येतो, म्हणून तिथे तो शब्द नको वाटतो. मराठी बायबलमधे पिस्तिसला 'विश्वास' म्हणतात, गोव्यातले ख्रिस्ती लोक कोंकणीत 'भावार्थ' म्हणतात. लेखकाने पुढच्या भागात निदान एवढं वाक्य तरी दुरुस्त करावं ही मनापासून विनंती.

आपला एक नियमित वाचक,
पुणे