सिगारेट सुटते, पार्टी सुटत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की सिगारेटवाल्यालाच सगळे धरतात, टपरीवर नुसतं उभं राहिलं तरी लोक नाकाला रुमाल लावतात आणि तिकडे बार रात्री उशिरापर्यंत धडाक्यात चालू, त्यांना कुणी काही बोलत नाही. त्यावरून आमच्या कँटीनमध्ये दोन दिवस वादावादी झाली. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सुपरवायझर आहे, बरीच वर्षं ओढली, आता बंद आहे, त्यामुळे दोन्ही पार्ट्या मलाच विचारायला लागल्या की तूच सांग, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं.

त्या वाचकांचं अर्धं पटलं, अर्धं नाही. ज्याच्या धुराने शेजारच्याचं पोर खोकतं त्याला बाहेर जा म्हटलं तर त्यात अन्याय कसला? सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी २ ऑक्टोबर २००८ पासून आहे, २०० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि एवढी वर्षं होऊनही सीबीएस बसस्टँडला उभं राहिलं तर किती जणांना पावती फाडलेली दिसते ते ज्याने त्याने जाऊन बघावं. सुट्टी सिगारेट विकायला तर राज्यात सप्टेंबर २०२० मध्येच बंदी आली. आता मला सांगा, कुठला टपरीवाला म्हणतो की साहेब पाकीटच घ्या? उलट खांबाला दोरीने लायटर टांगलेला असतो, एक घ्या, पेटवा, पुढे चला. पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्राने आणि इशाऱ्याने भरायचा असा नियम २०१६ ला आला, पण सुट्टी घेणाऱ्याला ते चित्र दिसतंच कधी. तेव्हा सिगारेटवाल्यांना फार छळतात वगैरे काही नाही हो, कागदावर छळतात.

दारूचं बघा. आपल्या राज्यात कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा देशीला २ रुपये आणि विदेशीला ५, हे पिणाऱ्यांपैकीच निम्म्यांना माहीत नसतं. बिअर-वाइनला २१ वर्षं, बाकीच्या कडक दारूला २५. तंबाखूला १८. म्हणजे नियम दारूचेच जास्त कडक आहेत, मतदान घेऊन बाटली आडवी करायची, म्हणजे गावातलं दुकान बंद पाडायची सोयसुद्धा दारूलाच आहे, गायछापचं दुकान आडवं केल्याचं कुणी ऐकलंय का? पण बाटलीवर चित्र नाही, बारीक अक्षरात दोन ओळी, त्या वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा लावून बाटली कोण वाचतं. गंमत म्हणजे ज्या २ ऑक्टोबरला धूम्रपानबंदी लागू झाली तो ड्राय डे, आणि आदल्या रात्री वाइन शॉपसमोर रांग बघा, संचारबंदी लागणार असल्यासारखी.

पण कायदा राहू द्या, माझा मुद्दा माणसांचा आहे. आपण कुठल्या नशेला नावं ठेवतो हे नुकसान बघून ठरत नाही, ती कोण करतंय आणि कुठे बसून करतंय हे बघून ठरतं, दारूत पण आणि तंबाखूत पण.

माझ्या आजीचं सांगतो. सकाळी तव्यावर तंबाखू भाजायची, चुरायची आणि ती मिश्री बोटाने दातांना लावत अर्धा अर्धा तास ओट्यावर बसायची. घरभर ठसका. तिला कुणी व्यसनी म्हटलं नाही, ती दात घासते असंच सगळे म्हणायचे. आता कॉलेज रोडला एखाद्या मुलीच्या हातात सिगारेट दिसली की जाणारा-येणारा मान वळवून बघतो, त्यात तेच लोक असतात ज्यांच्या स्वतःच्या घरात मिश्रीची डबी आहे. तंबाखू तीच. माळकरी माणूस दारू-मटणाला शिवत नाही, ते पाळतोही कडक, पण पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दिंड्या येतात त्यात चुन्याची डबी आणि पुडी हातोहात फिरते, मी त्या रस्त्याला चहावाटपात असतो, डोळ्याने बघतो. अनोळखी माणसाकडे पाणी मागायला लाजतील पण चिमूटभर तंबाखू मागायला कुणी लाजत नाही. आणि लग्नाच्या बायोडाटात निर्व्यसनी लिहितात त्याचा अर्थ काय असतो ते मुलीच्या बापाने फोन केल्यावर कळतं. पूर्वी 'सुपारीचं खांडही खात नाही' म्हणायचे, आता 'तसं काही नाही, ओकेजनली घेतो' म्हणतात आणि पुढच्या विषयावर जातात.

आपल्या नाशिकची तर वेगळीच तऱ्हा. सिन्नरला विड्या वळून कित्येक बायकांनी घरं चालवली, सुपात पत्ती, मांडीवर तंबाखू, पोर शेजारी झोपलेलं, त्या धंद्याचं कुणी कौतुक केलं नाही आणि करावं असं मी म्हणत पण नाही. वाइनचं मात्र टुरिझम झालं. गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची लाइन, ग्लास हातात घेऊन द्राक्षाच्या वेलीजवळ फोटो. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असंही टीव्हीवर ऐकलं. पुढे विरोध झाला आणि ते बारगळलं. आता हिशेब सांगतो, माझ्या मुलीनेच करून दाखवला, ती अकरावी सायन्सला आहे. १२ टक्क्यांची वाइन १५० मिली घेतली तर तिच्यात १८ मिली अल्कोहोल, आणि ४२.८ टक्क्यांची व्हिस्की ४५ मिली घेतली तर साधारण १९ मिली. म्हणजे वाइनचा एक ग्लास आणि व्हिस्कीचा दीड छोटा पेग जवळपास सारखेच. पण शेतावरच्या त्या ग्लासाला लाइफस्टाइल म्हणायचं आणि भद्रकालीत देशीच्या दुकानातून लटपटत निघणाऱ्या हमालाला बेवडा. शेतकऱ्याचं नाव पुढे करतात तेही अर्धवट आहे, आपल्या निफाड-दिंडोरीची बहुतेक द्राक्षं खायची आणि एक्सपोर्टची, वाइनच्या जातीच वेगळ्या. असो, हा विषय काढला की आमच्याकडे भांडणं होतात.

जास्त वाईट काय, असं कँटीनमध्ये मला सरळ विचारलं. मरणाऱ्यांचा आकडा बघितला तर तंबाखू. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत, तंबाखूने जगात वर्षाला ७० लाखांवर माणसं जातात, दारूने २०१९ मध्ये २६ लाख. पण दारूच्या आकड्यात बापाची मारहाण बघत मोठी झालेली पोरं कुठे येतात, ती तर जिवंत असतात. म्हणून मला हा वादच बिनकामाचा वाटतो. आणि आपण दोघं, म्हणजे मी आणि ते पत्र लिहिणारे वाचक, सिगारेटवर भांडतोय तेही जरा हास्यास्पदच आहे, कारण २०१६-१७ च्या सरकारी सर्व्हेत महाराष्ट्रात शंभरातले जेमतेम ४ मोठे लोक ओढणारे निघाले आणि २४ तंबाखू खाणारे. तोंडाच्या कॅन्सरचे बहुतेक पेशंट त्या चोवीसातून येतात, आणि त्यांना कुणी नाकाला रुमाल लावत नाही कारण धूर नाही.

सोडण्याबद्दल थोडं लिहितो, कारण लोक 'मनाचा निग्रह पाहिजे' एवढंच म्हणून मोकळे होतात. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात बेकार, डोकं जड, झोप नाही, पोट साफ होत नाही, तोंड येतं, आणि चिडचिड अशी की घरचे बाजूने जातात. दोन ते चार आठवड्यांत ते ओसरत जातं असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, त्याचा फार आधार झाला. तलफ आली तरी ती काही मिनिटांची असते, तेवढी टाळायची, मी शॉपफ्लोअरवर उगाच एक चक्कर मारून यायचो, लोकांना वाटायचं साहेब फार कडक झाले. निकोटीनची २ मिलिग्रॅमची गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, पण ती कशी खायची हे कुणी सांगत नाही. साध्या च्युइंग गमसारखी सटासट चघळली की उचकी लागते आणि पोटात जळजळ. चार-सहा वेळा हळू चावायची, तोंडात झिणझिणलं की गालात दाबून ठेवायची, झिणझिण गेली की परत चावायची, असं अर्धा तास. आमच्या मिसेसनी फुगलेला गाल बघितला आणि म्हणाल्या, "काय हो, एक सुटली म्हणून आता तंबाखूचा बार भरायला लागलात काय?" कंपनीच्या गेटवर तर सिक्युरिटीवाल्याने खरंच तोंड उघडायला लावलं, कारण आमच्याकडे तंबाखूच्या पुड्या गेटवरच काढून घेतात. चांगलं आहे ते, मला तक्रार नाही.

पण त्याच कंपनीची वर्षाची पार्टी झाली तिची गोष्ट ऐका. गंगापूर रोडला रिसॉर्ट, सगळा खर्च कंपनीचा, ड्रिंक्सपण. मी सिगारेट सोडली असं कुणीतरी माइकवरून सांगितलं, टाळ्या पडल्या, बरं वाटलं. दहा मिनिटांनी वेटर आला तेव्हा मी बिअर नको म्हटलं, तर टेबलवरचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. का रे, मंगळवार आहे का? श्रावण तर लागला नाही अजून? गोळ्या चालू आहेत? वहिनींनी शपथ घातली का? सिगारेट नको म्हणायला एक शब्द पुरतो, दारू नको म्हणायला पंचांग नाहीतर डॉक्टरची फाइल दाखवावी लागते. शेवटी मी गोळ्या चालू आहेत म्हणून सांगितलं तेव्हा सोडलं.

मला दारूचं सोवळं नाही, प्यायलेलो आहे. पण सिगारेट सोडणाऱ्याला खरा धोका टपरीचा नसतो, टेबलचा असतो. दुसरा पेग पोटात गेला की ठरवलेलं सगळं सैल पडतं, शिवाय इतकी वर्षं हात त्या जोडीलाच सवयीचा झालेला, एका हातात ग्लास तर दुसऱ्यात सिगारेट, मग शेजारच्याच्या पाकिटातली एक उचलली जाते. समुपदेशनवालेही सुरुवातीचे काही आठवडे दारूपासून लांब राहा म्हणतात ते याचसाठी. माझ्या ओळखीत ज्यांनी सोडून परत धरली ते बहुतेक सगळे पार्टीत नाहीतर लग्नाच्या आदल्या रात्री घसरले. तिकडे त्यांना आग्रह करणारे तेच होते ज्यांनी सोडल्याबद्दल पाठ थोपटली होती. म्हणून त्या वाचकांना माझं सांगणं आहे की दारूवाल्यांना का बोलत नाही हा प्रश्न बरोबर आहे, पण तो सिगारेटला सूट मिळावी म्हणून नका विचारू.

एमआयडीसीतल्या कंपन्यांना एवढंच सांगायचंय की गेटवर पुड्या काढून घेता तसं आत गम आणि समुपदेशनाची सोय करा, बऱ्याच ठिकाणी आठवड्याला डॉक्टर येतोच, त्याच्याकडून होईल. आणि पार्टीत नको म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही एवढी सूचना एचआरने माइकवरून दिली तर खर्च काहीच नाही.

आपल्या पेपरालाही एक विनंती. ३१ मे ला तंबाखूविरोधी दिनाचा रॅलीचा फोटो येतो, पोरांच्या हातात बोर्ड. त्यापेक्षा १८००-११-२३५६ हा सोडायला मदत करणारा टोल फ्री नंबर, जो पाकिटावर छापलेला असतो पण सुट्टी घेणाऱ्यांना कधी दिसत नाही, तो आणि शहरात समुपदेशन कुठे आणि किती वाजता मिळतं असा एक चौकोन छापा. ३१ मे ला नाही छापला तरी चालेल, गटारीच्या आदल्या दिवशी छापा, त्या दिवशी जास्त लोकांना लागणार आहे.

कळावे,
आपला एक वाचक,
पाथर्डी फाटा, नाशिक