सायरन पुढे, गाडी मागे

डिचोली,
जुलैचा पहिला आठवडा

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तराला उशीर झाला तो एका अक्षरापायी, इंग्रजी 'पी'. हसू नकोस, सांगतो.

मोठाल्या फाइली पाठवणारा एक प्रोग्रॅम सध्या माझ्या गळ्यात आहे. फाइल जात असताना मध्येच रद्द करायची सोय हवी होती. फर्मागुडीच्या वर्गात उतरवून घेतलेलं आठवलं: तातडीचा मजकूर वेगळ्या वाटेने, 'आउट ऑफ बँड' जातो. झालं! पाठवण्याच्या सेंड फंक्शनला तातडीची एमएसजी_ओओबी ही खूण लावली आणि 'स्टॉप'ची चार अक्षरं सोडली. पलीकडे तातडीची म्हणून पोचली एकटी 'पी'. उरलेली एस, टी, ओ गेली थेट फाइलीच्या पोटात.

वेगळी वाट मुळी नसतेच रे. हे डोक्यात शिरलं ते रायबंदरच्या धक्क्यावर, चोडण बेटाच्या फेरीबोटीला थांबलो असताना. पाऊस, गाड्यांची लांब रांग, आणि मागे कुठेतरी अँब्युलन्स. सायरन थेट फेरीबोटवाल्यापर्यंत ऐकू येत होता, गाडी मात्र रांगेतच अडकलेली. टीसीपीतही, म्हणजे इंटरनेटवर मजकूर क्रमाने पोचवणाऱ्या नियमांतही, पाकिटाच्या हेडरमध्ये यूआरजीची ('तातडीचं आहे') एका बिटाची खूण आणि तातडीची जागा सांगणारा १६ बिटांचा अर्जंट पॉइंटर, एवढाच काय तो सायरन. बाइट येतो तो इतरांच्या मागून, आपल्या नंबरानेच. समोरच्याचा बफर (आलेलं साठवायची जागा) तुंबून विंडो, म्हणजे आणखी किती घेता येईल तो आकडा, शून्यावर आली तरी सायरन पोचतो. म्हणून सिगअर्ज, म्हणजे तातडीचं येतंय असं प्रोग्रॅमला कळवणारा सिग्नल, आला की धावत जाऊन वाचायला बघावं, तर हातात 'ईवुडब्लॉक' असा निरोप: गाडी यायचीय अजून. (मला तर आधी सिग्नलच येईना. एफ_सेटओन करून सॉकेटचा (जोडणीच्या टोकाचा) मालक, म्हणजे सिग्नल कोणाला द्यायचा ते, सांगायचं राहिलं होतं. त्यात दोन दिवस गेले.) शिवाय लक्षात राहते ती एकच खूण. वापरणाऱ्याने घाईत दोनदा 'रद्द' दाबलं की दुसरी पहिलीवर बसते.

बरं, तो पॉइंटर नेमका कुठे बोट दाखवतो? १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्येच, म्हणजे टीसीपीच्या नियमपत्रातच, दोन ठिकाणी दोन तऱ्हा. १९८९ मध्ये आरएफसी ११२२ ने निकाल दिला, तातडीच्या शेवटच्या बाइटवर. पण बीएसडी या युनिक्स प्रणालीच्या वळणावर गेलेले सगळे त्याच्या पुढच्या बाइटवर दाखवत राहिले. शेवटी २०११ च्या ६०९३ ने लोक करतात तेच खरं मानलं, आणि वर सांगितलं, नव्या प्रोग्रॅमात हे वापरूच नका. लोकांनी पायवाट पाडायची आणि मग पंचायतीने नकाशा दुरुस्त करायचा, तसंच हे.

टेलनेटवाल्यांनी (दूरच्या संगणकावर काम करायची जुनी सोय) मात्र हे शहाणपणाने वापरलं, असं माझं मत. तिथे सायरनचा अर्थ 'गाडीत कोण आहे बघ' असा नाही. अर्थ असा, की २४२ क्रमांकाचा 'डेटा मार्क' हा खुणेचा बाइट येईतो भराभर वाच, हुकूम तेवढे ठेव, बाकीचं फेकून दे. म्हणजे महत्त्व बाइटला नाही, जागेला. मीही मग तेच केलं. एसओ_ओओबीइनलाइन ही सेटिंग लावून बाइट रांगेतच राहू दिला. साधं वाचन त्या खुणेपाशी आपोआप थांबतं, आणि सॉकॅटमार्क फंक्शनने विचारता येतं, आलो का खुणेवर? चाललं की!

आठ दिवस चाललं. मग एका गिऱ्हाइकाकडे 'रद्द' दाबलं तरी फाइल आपली जातच राहिली. मधला फायरवॉल (येणाजाणाऱ्या मजकुरावरचा पहारेकरी) यूआरजीची खूणच पुसून टाकत होता. गाडी रांगेत, सायरन काढून घेतलेला. त्या रात्री लाईट गेलेली, मेणबत्तीच्या उजेडात कागदावर आखलं: हुकमांसाठी दुसरं कनेक्शन, स्वतःच्या पोर्टवर. दीड दिवसात झालं.

चवथीला येशील तेव्हा तुझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन ये. 'वेगळी वाट' तिच्यात कोणी लिहिलंय ते बघायचंय. अक्षर माझं निघालं तर नेवऱ्यांचा डबा तुझा. आईंना नमस्कार सांग.

तुझा,
विश्वास